एकाचे नऊ

निंबगावच्या शाळेच्या ओट्यापुढे त्या गुरुवारी जी गर्दी लोटली होती, ती मतमोजणीलाही कधी लोटली नव्हती. बोथच्या बाजाराला निघालेली माणसं वाटेतच अडकली होती. कापसाच्या गाड्या बैलांसकट रस्त्यात उभ्या होत्या आणि गाड्यांवर चढून बाया माना उंच करत होत्या. ओट्यावर टेबल, टेबलावर लाल मखमल, मखमलीवर कंप्यूटर, आणि कंप्यूटरच्या गळ्यात झेंडूचा हार. साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. आंध्र-महाराष्ट्र सीमेवरच्या त्या भागात टीव्ही पाहिलेली माणसं होती, पण कंप्यूटर पाहिलेलं माणूस हाताच्या बोटावर मोजावं लागलं असतं.

"नाव?" कंप्यूटरमागचे गृहस्थ विचारत.

"डोमाजी नारायन. निंबगाव."

"रास?"

"वृषभ."

टक टक टक. यंत्रातून पीं असा आवाज निघाला, काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचा शंख उमटला आणि शंखाखाली आकडा आला.

"दोन पूर्णांक चार! मध्यम दोष. पाण्यात दाताला आणि हाडाला खाणारं विष आहे. शोधन-तबकडी लागेल."

"पान्याचा थेंब नाई पायला अन सांगून राह्यला गा!" फकिरा गाडीवान ओरडला आणि लोकांनी टाळ्या पिटल्या.

हे गृहस्थ म्हणजे हैदराबादचे अमृतराव. अंगात सफारी, कपाळाला अष्टगंध, चारही बोटांत अंगठ्या. त्यांच्या प्रोग्रामचं नाव 'जलदर्शन'. शोधन-तबकडी म्हणजे काळी चौकोनी फ्लॉपी, लाल दोऱ्यात ओवलेली. ती विहिरीच्या रहाटाला किंवा बोअरच्या दांड्याला बांधायची. त्यात गंगेचा मंत्र भरलेला आहे आणि तो थेट पाण्यात उतरतो, असं ते सांगत. सकाळपासून गावातल्या निम्म्या विहिरींना तबकड्या लटकल्या होत्या.

"कंप्यूटर झूट नहीं बोलता!" अमृतरावांनी हात वर केले. "माणसाला पोट आहे, पोटासाठी तो खोटं बोलतो. यंत्राला पोट आहे का? नाही! मग ते खोटं कशाला बोलेल? मायबापहो, पूर्वी ऋषी ध्यान लावून जमिनीच्या पोटातलं पाहायचे. तेच ध्यान आम्ही या डब्यात बसवलं. ऋषी थकायचे. हा थकत नाही, याला फक्त पंखा लागतो!"

यंत्राला पोट नव्हतं हे खरं. अमृतरावांना होतं, आणि ते सफारीच्या बटणांना भारी पडत होतं.

गर्दीच्या मागे, शाळेच्या घंटेखाली सुधाकरराव उभे होते. ते शाळेतले विज्ञानाचे मास्तर. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी आसपासच्या चौऱ्याहत्तर विहिरी-बोअरचं पाणी बाटल्यांत भरलं होतं. दर रविवारी पिशवी मांडीवर घेऊन ते बसने आदिलाबादला जात आणि तिथल्या एका प्राध्यापक मित्राच्या प्रयोगशाळेत फ्लोराइड मोजत. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्याच्या पुढे गेलं की पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि वर्षानुवर्षं तेच पाणी प्यालं तर हाडं आखडतात. गावात चाळिशीतच वाकलेली माणसं होती. लोक म्हणत, देवीचा कोप. सुधाकरराव म्हणत, पाणी तपासा. शेवटी गावकऱ्यांनी पाणी समिती केली, कापसाचे व्यापारी भगवंतराव तिचे अध्यक्ष झाले, आणि एक कंप्यूटर घ्यायचं ठरलं. मोजलेल्या आकड्यांचा हिशोब लावायला त्यात कोणता प्रोग्राम घालायचा, एवढंच ठरायचं बाकी होतं. 'जलदर्शन'चा आजचा थाट त्यासाठीच होता.

डोमाजीचा आकडा ऐकला आणि सुधाकरराव चमकले. दोन पूर्णांक चार! त्यांनी मोजलं तेव्हाही तेवढंच भरलं होतं. रस्त्याकडच्या बोअरचा आकडा आला चार पूर्णांक सहा. तोही बरोबर. जयवंताबाईच्या मळ्यातली विहीर, तीन पूर्णांक दोन. बरोबर! दशांशासकट बरोबर. हे आकडे समितीच्या वहीत होते, गावाला अजून सांगितलेच नव्हते. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या अंगावर तेव्हा सरसरून काटा आला, हे पुढे त्यांना कोणापाशीच कबूल करता आलं नाही.

भीतीच्या बरोबरीने त्यांना बरंही वाटत होतं. त्यांचेच आकडे हिरव्या अक्षरांत झळकत होते आणि गाव श्वास रोखून ऐकत होतं. वर्षभर त्यांनी कंठशोष केला तेव्हा एक कुत्रंही फिरकलं नव्हतं.

मग पळसवस्तीची राहीबाई पुढे आली. पळसवस्ती गावापासून दीड कोसावर, टेकडीच्या उताराला. वीस घरं आणि वीस घरांना मिळून एक जुनी विहीर. राहीबाईच्या शब्दाशिवाय तिथलं पान हलत नसे.

टक टक टक. या वेळी यंत्र तीनदा केकाटलं आणि शंखाच्या जागी कवटी आली. बायकांनी पोरांना पोटाशी धरलं.

"नऊ पूर्णांक दोन!" अमृतरावांनी कपाळाला हात लावला. "महादोष. याला तबकडी चालत नाही, बाई. दगड टाकून बुजवा ती विहीर. नाहीतर वस्तीत काठीशिवाय चालणारा माणूस राहणार नाही. रस्त्याकडच्या बोअरला आत्ताच तबकडी बांधलीय. ते पाणी आता अमृत आहे, ते प्या."

राहीबाईने गर्दीत नजर फिरवली आणि सुधाकररावांवर थांबवली.

"मास्तर, तुमी त आमचं पानी शिशीत भरून नेलं होतं. हे खरं व्हय काय?"

सगळी गर्दी मागे वळली. पळसवस्तीचं पाणी चांगलं होतं, एकच्या आसपास होतं, असं सुधाकररावांच्या डोक्यात पक्कं होतं. पण विहिरी चौऱ्याहत्तर, वही जवळ नाही, आणि समोरच्या यंत्राने आठ आकडे दशांशापर्यंत खरे करून दाखवलेले. आपलंच चुकत असलं तर?

"वही बघून सांगतो, राहीबाई," ते म्हणाले.

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मास्तरही वही बघतो म्हणतात, म्हणजे यंत्राचंच खरं, असं गर्दीने घेतलं. राहीबाई मान खाली घालून निघून गेली.

दुपारी भगवंतरावांच्या दुकानात समिती बसली. अमृतराव लोडाला टेकून पान जमवत होते.

"मास्तर, तुमी जो प्रोग्राम सांगून राह्यले, थो काय करते?" भगवंतरावांनी विचारलं.

"स्वतःहून तो काहीच करत नाही," सुधाकरराव म्हणाले. "आदिलाबादच्या कॉलेजात आहे, मी वापरून पाहिला. उभे-आडवे रकाने असतात. आकडे आपण भरायचे. सरासरी सांगितली तर सरासरी काढतो. एका रकान्यात विहिरीची खोली, दुसऱ्यात फ्लोराइड भरलं, तर आलेख काढून देतो. माझा अंदाज आहे की बोअर जितकं खोल तितकं पाणी वाईट. तो खरा की खोटा, ते कळेल. आणि कुठल्याही उत्तरावर जाऊन उभं राहिलं की ते कोणत्या आकड्यांवरून काढलं ते दिसतं. मग कागदावर करून ताळा घ्यायचा."

"मंजे आकडे आपनच भरायचे, अन ताळा बी आपनच घ्यायचा?"

"आपणच."

"अन चूक निघाली त?"

"तीही आपलीच."

"मंग त्याले कंप्यूटर काऊन म्हनाव गा? त्यापेक्षा आमचा मुनीम बरा, थो चहा त आनते!"

दुकान हसलं. अमृतराव पानाचा तोबरा सावरत म्हणाले, "आमच्या जलदर्शनात ताळ्याबिळ्याची कटकटच नाही. आत काय चालतं ते कोणाला दिसत नाही. दिसलं तर ते दैवी कसलं?"

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. आत काय चालतं ते दिसत नाही, हाच ज्याचा गुण, त्याची निवड करायला ही शहाणी माणसं एका पायावर तयार होती. सुधाकररावांनी हट्ट धरला म्हणून निकाल पुढच्या गुरुवारवर गेला.

निघताना त्यांनी वही मागितली. भगवंतरावांनी गादीखालून काढून दिली.

"घ्या. अमृतरावांनी दोन रोज नेली होती अभ्यासाले. कालच आनून देल्ली."

घरी येऊन दिवेलागणीला त्यांनी वही उघडली. पळसवस्ती: एक पूर्णांक दोन. साऱ्या भागातल्या उत्तम पाण्यांपैकी ते एक होतं. सकाळी यंत्राने अकरा विहिरींचे आकडे सांगितले होते. आठ वहीशी तंतोतंत जुळत होते. तीन चुकले होते आणि तिन्ही सारखेच चुकले होते: वहीत एक पूर्णांक काहीतरी, यंत्रात नऊ पूर्णांक तेच काहीतरी. ज्या चार-पाच जणांना यंत्राने 'आज योग नाही' म्हणून परत पाठवलं होतं, त्यांच्या विहिरी वहीत नव्हत्याच.

सुधाकरराव आपल्याच अक्षराकडे बघत राहिले. चौथीपर्यंत ते मराठी शाळेत शिकले, पुढे तेलुगू माध्यमात. तिथे इंग्रजी आकडे आले. दोनपासून नऊपर्यंत हाताने नवं वळण घेतलं, पण एक काही सुटला नाही. इंग्रजी आकड्यांच्या रांगेत त्यांचा एक अजून मराठीच पडे: वर गोल डोकं, खाली शेपूट. मराठी एक आणि इंग्रजी नऊ ही तर जुळी भावंडं. हेडमास्तर यावरून दर वर्षी बोलत. एकदा पंधरा गुण मिळालेल्या पोराच्या बापाने पंचाण्णव वाचून गावभर पेढे वाटले होते. मराठी शाळेतून तेलुगू शाळेत गेलेल्या या सीमेवरच्या पिढीचीच ही खोड. हैदराबादच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसाला ती कळायची कशी? अमृतरावांनी वही उतरवून घेतली होती आणि प्रत्येक एकाचा नऊ केला होता. म्हणजे जी विहीर जास्त गोड, तीच जास्त विषारी ठरली होती.

सुधाकररावांना मोठमोठ्याने हसू आलं. सकाळच्या काट्याची लाज त्या हसण्यात धुऊन निघाली.

खरं तर तेव्हाच चपला घालून पळसवस्ती गाठायची. दीड कोस ते काय? पण त्यांनी विचार केला. आज बोललो तर हा लफंगा म्हणेल, यंत्राला धूळ लागली होती, आणि पुढच्या गावात मखमल अंथरेल. त्याला रंगेहाथ धरायला हवा. भर गर्दीत त्याचं तोंड काळं करायची चव त्यांच्या जिभेवर आली होती, हेही तितकंच खरं. आणि आठ दिवसांत विहीर कोण बुजवतं? लोक आरंभशूर, बोलतात आणि विसरतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत एक नोंद वाढवली आणि दुकानात जाऊन, अमृतरावांना ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाले, "भगवंतराव, एक विहीर राहिली होती. सोजरबाई काळे, गुडीहत्नूर रस्ता. घेतली लिहून." वही तिथेच ठेवून ते परत आले.

पुढच्या गुरुवारी गर्दी दुप्पट होती. सुधाकरराव या वेळी ओट्यावर चढले आणि नम्रपणे म्हणाले, "महाराज, एक विहीर विचारू? सोजरबाई काळे, गुडीहत्नूर रस्ता."

"रास?"

"ते काही तिने सांगितलं नाही."

"हरकत नाही. यंत्र कृपाळू आहे." टक टक टक. यंत्र केकाटलं, कवटी आली. "नऊ पूर्णांक चार! महादोष! मास्तर, या बाईला सांगा, आजच्या आज बुजव म्हणावं!"

गाडीवरून फकिरा खो खो हसत ओरडला, "अहो, सोजर त मास्तरची म्हैस व्हय! कायीभोर! तिनं इहीर कवा खांदली गा?"

हशाचा लोंढा उसळला. तो ओसरेपर्यंत सुधाकररावांनी शाळेतला फळा ओट्यावर आणवला होता. सकाळीच दुकानातून मागून आणलेली वही त्यांनी भगवंतरावांच्या हातात दिली.

"वाचा. शेवटची नोंद."

"सोजरबाई काळे. गुडीहत्नूर रस्ता. एक पूर्णांक... हा एक व्हय का नऊ?"

"एक. माझा एक असाच पडतो, हे माझ्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तुमच्या अमृतरावांना नव्हतं." त्यांनी फळ्यावर मोठा मराठी एक काढला आणि शेजारी इंग्रजी नऊ. "मंडळी, या यंत्रात ऋषी नाही आणि ध्यानही नाही. माझ्या वहीची नक्कल आहे. नाव दाबलं की नक्कल केलेला आकडा वर येतो. वहीत नसलेल्या विहिरीला योग नाही. जी विहीर जगात नाही, पण वहीत आहे, तिला महादोष आहे. जमिनीच्या पोटातलं दिसणाऱ्या या यंत्राला मराठी पहिलीतला एक वाचता येत नाही!"

"तांत्रिक बिघाड आहे," अमृतराव हार काढता काढता पुटपुटले. "विजेचा दाब कमी..."

"आणि ही तबकडी," सुधाकरराव थांबत नव्हते. "ही नुसती आकडे साठवायची चकती. प्लास्टिक. रस्त्याकडच्या बोअरचं पाणी मी परवा पुन्हा आदिलाबादला मोजून आणलं. तबकडी बांधण्याआधी चार पूर्णांक सहा, बांधल्यावर चार पूर्णांक सहा. तिला मंत्र येत असेल, पण पाण्याला तो ऐकू आलेला नाही. बाबांनो, पडद्यावर आकडा आला म्हणजे शास्त्र आलं असं समजू नका. विचारा, हा आकडा कुठून आला? कोणी मोजला? आम्हाला पुन्हा मोजता येईल का? जो सांगेल की आतलं विचारू नका, त्याला दारातूनच परत पाठवा. पळसवस्तीच्या पोरांचे दात पाहिले असते, तरी कळलं असतं की त्या पाण्यात विष नाही. कापूस घेताना तुम्ही बोंड फोडून बघता. मग हा डबा न उघडता कसा घ्यायला निघालात?"

टाळ्या पडल्या. अमृतरावांची जीप यंत्रासकट कधी निघून गेली ते कोणाला कळलंच नाही. मखमल मात्र टेबलावर राहिली. भगवंतरावांनी लगेच घसा खाकरून जाहीर केलं की समितीने रकान्यांचा प्रोग्राम एकमताने निवडला आहे, आणि आपल्याला पहिल्यापासून शंका होतीच. तबकड्या सोडा म्हटल्यावर तीन-चार जणांनीच सोडल्या. "राहू द्या ना मास्तर, बांधलेलं काऊन सोडाव?" डोमाजी म्हणाला. "यंत्र चांगलंच होतं. तुमच्या वहीनंच चुकवलं त्याले." मागे दोघातिघांनी हो म्हटलं.

सुधाकररावांनी तेही हसण्यावारी नेलं. आज त्यांचा दिवस होता. ओट्याच्या पायरीशी राहीबाई बसलेली त्यांना दिसली. तिच्या दोन्ही तळहातांना चिंध्या बांधल्या होत्या.

"मास्तर, मंजे आमची इहीर चांगली होती?"

"चांगली? राहीबाई, तुमच्याइतकं गोड पाणी या भागात हुडकून सापडायचं नाही!"

राहीबाईने चिंध्या बांधलेले तळहात पुढे केले. मग म्हणाली, "बुजवली आमी. सोमवारी. वीसही घरं राबली. लेकुरवाया बाया बी दगड वाहून राह्यल्या होत्या. खालचा झरा फुटला होता, त्याच्यात चिखल दाबला, पानी वर येऊ नाई म्हून."

सुधाकररावांच्या हातातला खडू खाली आला.

"इतकी घाई काऊन केली, राहीबाई?" त्यांच्याही तोंडात तिचीच भाषा आली.

"घाई कोठची? तुमी म्हनले होते, वही पाहून सांगतो. चार रोज वाट पायली तुमची. तुमी आले नाई. मंग मीच सगळ्याईले म्हनलं, वाईटच असंल, मास्तरच्या जिवावर येत असंल सांगाले. चांगला मानूस हाय." तिने चिंधी घट्ट केली. "कवा पायली वही?"

खोटं बोलता आलं असतं. ते ऐकायला आता गर्दीही उरली नव्हती.

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

"त्याच दिवशी," राहीबाई म्हणाली. ती आरडाओरडा करील, शिव्या देईल, असं त्यांना वाटलं. ती नुसती उठली आणि पळसवस्तीच्या वाटेला लागली. बऱ्याच अंतराने सुधाकररावही मागून चालू लागले.

पुढे वस्तीने ती विहीर उपसली. दगड निघाले, गाळ निघाला, मास्तरांच्याही हाताला फोड आले. झरा काही पुन्हा धरला नाही. वीस घरं रस्त्याकडच्या बोअरचं पाणी पीत राहिली, आणि अजूनही पितात. बोअरच्या दांड्याला अजून लाल दोरा आहे.

अमृतरावांसारखे येतच राहणार. काल त्यांच्या हातात भस्म होतं, आज कंप्यूटर आहे, उद्या आणखी काही असेल. त्यांना ओळखायला फार विद्या लागत नाही. आकडा कुठून आला ते विचारा, ताळा घ्या, जे उघडून पाहता येत नाही त्यावर विश्वास टाकू नका. आणि खरं काय ते तुम्हाला कळलं, तर ते त्याच संध्याकाळी जाऊन सांगा. पुढच्या गुरुवारसाठी राखून ठेवू नका.